पेटी एकशे चौदा

डेल्फीन आयर्नक्लाउडचं घर कुठे आहे
हे मला ठाऊक आहे.
जळक्या धान्यकोठाराशी डावीकडे,
मग चाकं नसलेली पिवळी स्कूलबस,
मग तिसरं फाटक, जे ओढायचं नाही, उचलायचं.
कुत्रा भुंकतो. ती बाहेर येईपर्यंत गाडीतून उतरायचं नाही.

पण पत्र तिथे जात नाही. कधीच गेलं नाही.
या राखीव प्रदेशात टपाल दारात येत नाही,
माणसंच टपालापर्यंत येतात,
चाळीस मैल, बर्फातून, उसन्या पेट्रोलवर,
आणि माझ्या भिंतीतल्या पितळी पेट्या उघडतात.
तिची एकशे चौदा. किल्ली
मण्यांच्या दोरीत ओवून गळ्यात.
बावीस वर्षं ती मतदार होती
याच एकशे चौदावर.

यंदा राजधानीत कुणीतरी ठरवलं
की पेटीत माणूस राहत नाही.
(खरंच आहे म्हणा.)
मत द्यायचं तर रस्त्याचं नाव हवं, घराला क्रमांक हवा.
तिच्या रस्त्याला नाव नव्हतं.
सकाळी जो पहिला निघेल
त्याच्या टायरांचा तो रस्ता.

काउंटीच्या कचेरीत तीन खेपा झाल्या.
तिसऱ्या खेपेला संगणकातून पत्ता निघाला:
४४१७, एकोणपन्नासावी अव्हेन्यू, वायव्य.
आधीच्या अठ्ठेचाळीस कुठे आहेत
कुणालाच माहीत नाही.
नकाशावर टाचणी पडली ती तळ्याच्या मधोमध.
संगणकानेही तिला पाण्यातच पाहिलं.
तरी तिने आकडे रंगवले
बसच्या कपाळावर, हातभर उंचीचे,
सात जरा वाकडा.

सप्टेंबरात पडताळणीचं कार्ड आलं.
नव्या पत्त्यावर. खाली निळ्या अक्षरांत: पुढे पाठवू नये.
कार्ड माझ्या हातात,
पेटी माझ्या कोपरापासून दीड हातावर.
४४१७ ला टपाल जात नाही, हा आमचा नियम.
दुसऱ्या पत्त्यावर टाकायचं नाही, हा त्यांचा.
मध्ये मी, बाहीत रुमाल खोचलेली,
पेन्शनला एकोणीस महिने उरलेली.
मी शिक्का मारला. परत.
शाई फिकट उमटली म्हणून पुन्हा मारला.

पहिल्याचं मी काहीतरी समर्थन करू शकते.

मतदानाच्या दिवशी ती आली, बंद व्हायच्या जरा आधी.
लाल कोट, ओठांना रंग,
लग्नाला निघाल्यासारखी.
"यादीत नाही म्हणाले. त्या पत्त्यावर
कुणी राहत नाही म्हणे."
मी सांगितलं तिला. सगळं. दुसऱ्या शिक्क्यासकट.
ती बोलली नाही. पेटी उघडली:
बियाण्यांचं कॅटलॉग, नातवाच्या शाळेचं पत्र,
विजेचं बिल. त्याला तिचा पत्ता
दर महिन्याला बरोबर लागतो.
मग म्हणाली, "नवा फॉर्म दे."

जुन्या फॉर्मच्या मागे एक रिकामा चौकोन असायचा:
घराला पत्ता नसेल तर इथे नकाशा काढा.
नव्यात तो चौकोन नाही.
तिने फॉर्म पालथा केला
आणि काउंटरच्या साखळीवाल्या पेनाने
नदी काढली, कोठार, बस, फाटक.
साखळी आखूड पडली तेव्हा कागद फिरवला.
कुत्रा काढला, तोंड उघडं.
तळं काढलं, जिथे आहे तिथे,
घरापासून चांगलं दूर.

मग वरच्या कोपऱ्यात एक खोली, एक खिडकी,
खिडकीत कुणीतरी, चष्मा लावलेलं.

"हे घेणार नाहीत ते," मी म्हणाले.
"माहितेय," ती म्हणाली. "तिकीट कितीचं लागेल?"